चार वाजताचा निरोप

१

सतरा पानांची जबानी गायब झाली होती, आणि ती देणारा म्हातारा सुतार त्याच पंधरवड्यात वारला होता. पुन्हा विचारायला माणूसच उरला नव्हता.

शोध कचेरीत याच्याइतकं वाईट दुसरं काही होऊ शकत नाही. ही कचेरी म्हणजे पाच टेबलं आणि भिंतभर कपाटं. ताटातूट झालेली माणसं इथे पत्रं लिहितात. कुणाचा भाऊ पुरात हातातून सुटलेला, कुणाचा मुलगा रागाच्या भरात घर सोडून गेलेला. कचेरीतले लोक मग त्या वेळी कुणी काही पाहिलं होतं का ते शोधतात, त्याची जबानी लिहून घेतात आणि हा धागा त्या धाग्याला जुळतो का ते बघत बसतात. दहांतला एखादा जुळतो.

सुताराचा जुळला असता. पुराच्या दिवशी धक्क्यावरून चार वर्षांच्या एका मुलाला कोण उचलून घेऊन गेलं, ते त्यानं लहानपणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या मुलाची बहीण आता एकोणऐंशी वर्षांची होती आणि दर सोमवारी कचेरीत फोन करून एवढंच विचारायची, "काही कळलं का हो?"

साहेबांचा फोन आला तेव्हा मोठ्या बाई भाजी निवडत होत्या. कचेरीतून निवृत्त होऊन त्यांना पाच वर्षं झाली होती, तरी तिथे 'मोठ्या बाई' म्हटलं की अजून त्याच.

"बाई, जरा येऊन जा. नवी मुलगी म्हणते जबानी टाइप केली होती, आणि मशीनवर अक्षर नाही. तिला ठेवायचं की काढायचं, त्यासाठी शनिवारी समिती बसतेय. तुमच्यासारख्या जाणत्या माणसाचं पत्र जोडलं की विषय मिटला. पेन्सिलच्या वेळी दिलं होतंत ना, जुन्या फायलीत वाचलं मी, अगदी तसंच."

पेन्सिल. कानावर कायम पेन्सिल खोचलेला, हडकुळा, हसरा कारकून. आठ वर्षं झाली होती.

"येते," बाई म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी निवडलेली पानं कचऱ्यात टाकली आणि देठं भांड्यात. बऱ्याच वेळानं ते त्यांच्या लक्षात आलं.

२

कचेरी तशीच होती. तोच जिना, तीच पाचवी पायरी खचलेली. बदललं होतं ते एवढंच की बाईंच्या खिडकीजवळच्या टेबलावर आता नवी बसायची. तिचं नाव होतं की, पण दोन वर्षं झाली तरी सगळे तिला नवीच म्हणत. तिच्यानंतर टेबलांवर नवं कुणी आलंच नव्हतं.

रडून रडून तिचे डोळे सुजले होते, पण उत्तरं सरळ देत होती.

"सुतारकाका एकटेच राहायचे. चालवत नव्हतं म्हणून मीच गेले त्यांच्याकडे, तीन दिवस, कचेरी सुटल्यावर. चिठोऱ्यांवर उतरवून घेतलं आणि इथे येऊन टाइप केलं. सतरा पानं."

"चिठोऱ्या कुठे आहेत?"

"फाडल्या. नियमच आहे ना तसा?"

टाइप झालं की चिठोऱ्या फाडायच्या, हा नियम बाईंचाच.

"मग?"

"मग आई पडली. खुब्याचं हाड मोडलं. पंधरा दिवस रजेवर होते. परत आले, मशीन उघडलं, तर डेस्कटॉप कोरा. काहीच नाही. आणि सुतारकाका गेल्याचं त्याच दिवशी कळलं." तिनं नाक पुसलं. "साहेब म्हणतात, म्हातारा गेला, आता हिला कोण खोटं पाडणार? म्हणे मी कधी गेलेच नव्हते. मला सगळं आठवतंय हो बाई. पुन्हा लिहून दिलं होतं मी, अकरा पानं झाली. त्यांनी वाचलंसुद्धा नाही. म्हणाले, कथा रचून आणलीय."

"आठवणीतून लिहिलेलं कचेरी घेत नाही," बाईंच्या तोंडून आपसूक निघालं. वाक्य तोंडातून गेलं आणि त्यांना वाटलं, हे आपण पूर्वी कुणालातरी म्हटलंय. अगदी याच स्वरात.

"बघू तुझं मशीन."

त्या खुर्चीत बसल्या. बाई डावखुऱ्या. माउस उचलून डावीकडे ठेवला आणि एकेक फोल्डर उघडत गेल्या. पडद्यावरची अक्षरं चांगली ठसठशीत होती.

"बरं केलंस, मोठी अक्षरं ठेवलीस. माझा चष्मा घरीच राहिला."

"मी नाही ठेवली. पहिल्या दिवसापासून अशीच आहेत."

पडद्यावरच्या कचऱ्याच्या डब्यातही काही नव्हतं. बाई उठल्या, नवी बसली, तिनं माउस उजवीकडे घेतला आणि मशीन बंद केलं. बाईंना गंमत वाटली.

"मधल्या बोटानं टिचकी मारतेस?"

"सवय झाली."

ती इतकं साधं बोलली की बाईंनी पुढे काही विचारलं नाही. नंतर त्यांना त्याचं फार वाईट वाटलं. सगळं उत्तर त्या एका बोटात होतं.

३

ताई म्हणजे कचेरीतल्या जुन्या टायपिस्ट, बाईंपेक्षा सात वर्षांनी लहान आणि तोंडानं तितक्याच फटकळ. निवृत्तीला चार महिने उरले होते.

"आलीस का ग तपास करायला?" ताई म्हणाल्या. त्या दोघींत अगंतुगं होतं. "कर बाई. मला बेड्या घालून ने. तेवढंच बसून खायला मिळेल."

"तू तिच्या खुर्चीत बसली होतीस म्हणे, ती रजेवर असताना."

"हे त्या हजेरीरावानं सांगितलं असणार. बसले होते. माझ्या खुर्चीचा पाय डुगडुगतो, तीन अर्ज दिलेत. तिची खुर्ची बरी आहे. मशीनला हात लावला नाही. तिचा पासवर्ड मला काय स्वप्नात दिसणार?"

"तुझ्या भाचीला ही जागा हवी होती."

ताईंचा चेहरा उतरला. "हवी होती. नाही मिळाली. म्हणून मी एका मेलेल्या माणसाचं बोलणं पुसून टाकीन? इतकी वर्षं शेजारी बसलीस, एवढंच ओळखलंस मला?"

बाई खजील झाल्या. पण तपास म्हटला की विचारावं लागतंच.

"एक सांग. रजेमुळे मशीन काही पुसत असेल, असं होईल का?"

"तो विचार मीही केला. पण मागच्या वर्षी लेकीच्या बाळंतपणाला मी दोन महिने नव्हते. आले तर सगळं जागच्या जागी. अर्धवट टाइप केलेलं पत्रसुद्धा. तेव्हा रजेचं नाव काढू नकोस."

हजेरीराव दप्तर सांभाळायचे. नऊ वर्षं नोकरी झाली आणि एकही रजा नाही, म्हणून हे नाव.

"रजा घेऊन करू काय?" ते म्हणाले. "घरी बायको कामं सांगते. इथे निदान टेबलाखाली पाय पसरता येतात."

"तुमच्या मशीनवरून कधी काही गेलंय?"

"छे. माझं मशीन माझ्यासारखंच. कंटाळवाणं, पण जागेवर."

"पेन्सिल होता तेव्हा तुम्ही होतात ना इथे?"

हजेरीरावांनी फायलीची नाडी बांधली, सोडली, परत बांधली. "होतो. वर्षभर शेजारी बसलो. बाई, एक बोलू? तो खोटं बोलणारा पोरगा नव्हता. त्या वेळी मी बोललो नाही. मी नवखा होतो, आणि तुम्ही... तुम्ही मोठ्या बाई होतात."

४

दुसऱ्या दिवशी बाईंनी पेन्सिलची फाईल मागवली. ती येईपर्यंत संगणकाची देखभाल करणाऱ्या पोरसवदा तंत्रज्ञाला गाठलं. गळ्यात सदैव तारांचं भेंडोळं, म्हणून त्याला वायरबुवा म्हणत.

"सगळ्यांची खाती मला उघडता येतात," तो पहिल्या झटक्यात म्हणाला. "म्हणजे पहिला संशय माझ्यावर. पण मावशी, मी इथे येऊन एक वर्ष झालं. साहेबांना तीन. आठ वर्षांपूर्वी असंच एक प्रकरण झालं होतं म्हणता, तेव्हा मी शाळेत बेडकाची आकृती काढत होतो."

मुद्दा बिनतोड होता. "गेलेलं परत आणता येत नाही का?"

"कपाट नावाचं जे सामायिक फोल्डर आहे, त्याची रोज नक्कल ठेवली जाते. डेस्कटॉपवरच्याची नाही. काम संपलं की कपाटात टाका, असं म्हणतात ना सगळे. नवीचं काम संपलं नव्हतं. तपासून मग टाकणार होती ती."

बाई कोऱ्या कागदावर लिहू लागल्या. दोन्ही वेळा कचेरीत कोण होतं? डाव्या हाताच्या, मागे कललेल्या अक्षरात त्यांनी लिहिलं: ताई. हजेरीराव. बस, दोनच.

त्या दोघांपैकी कुणी? बाईंचं मन घेईना.

तेवढ्यात फाईल आली. वरचाच कागद त्यांचा स्वतःचा होता. 'सदर कर्मचारी काम न करता केल्याचे सांगतो. अशा माणसावर विसंबून राहणे हा ताटातूट झालेल्या कुटुंबांवर अन्याय ठरेल.' खाली तीच मागे कललेली सही. भाषा किती ठाम होती! लिहिताना आपल्या मनात शंकेची पालही चुकचुकली नव्हती, हे बाईंना आठवलं.

त्याखाली पेन्सिलचा अर्ज. 'बाई, मी टाइप केले होते. नऊ पाने होती. मला सर्व आठवते, लिहून देतो.' समासात बाईंचा शेरा: 'आठवणीतील मजकूर स्वीकारता येत नाही.'

आणि त्याखाली आणखी एक कागद. रजेचा अर्ज. वडील वारल्यामुळे बारा दिवस. 'मंजूर', आणि पुन्हा बाईंचीच सही.

रजा मंजूर आणि माणूस नामंजूर, दोन सह्यांमध्ये अंतर एकोणीस दिवसांचं.

दोघंही रजेवरून परतले होते. पण ताई दोन महिने गेल्या तेव्हा काहीच गेलं नव्हतं. बाईंनी कपाळ चोळलं. शनिवार परवावर आला होता.

५

शुक्रवारी दुपारी त्यांना ताईंच्या मशीनवर एक जुनं पत्र शोधायचं होतं. ताई चहा आणायला गेल्या. बाईंनी माउस डावीकडे घेतला, टिचकी मारली, तर भलतीच यादी उघडली. पुन्हा मारली. पुन्हा तेच.

"हा मेला माउस बिघडलाय तुझा," ताई आल्या तशा बाई म्हणाल्या.

"बिघडला नाही, सरळ आहे. तूच उलटी आहेस. आठवत नाही? तुझ्या मशीनचा माउस डावखुरा करून घेतला होतास. दुसऱ्या कुणाला तुझ्या जागी बसताच यायचं नाही."

बाई उत्तर द्यायला गेल्या आणि थांबल्या. नवीच्या मशीनवर माउस कसा चालला होता? लोण्यासारखा. आणि नवी तर उजव्या हाताची. म्हणून तर ती मधल्या बोटानं...

त्या तशाच उठून नवीच्या टेबलाशी गेल्या. "तुझा माउस डावखुरा कुणी केला?"

"तो मिळालाच तसा. मला वाटलं, इथली पद्धत असेल. नव्या माणसानं कशाकशाला नावं ठेवायची?"

"आणि अक्षरं मोठी."

"हो. आणि तो चारचा निरोप."

"कसला चारचा निरोप?"

"येईलच आता," नवी म्हणाली. भिंतीवरच्या घड्याळात चारला एक मिनिट कमी होतं.

काटा सरकला. पडद्याच्या मधोमध एक निळी चौकट उघडली. आत दोनच वाक्यं होती.

'चार वाजले. फोन कर.'

"रोज येतो," नवी सांगत होती. "मी हजेरीरावांना विचारलं, कुणाला करायचा फोन? ते म्हणाले, माझ्याही मशीनवर येतो, मी फुली मारून बंद करतो... बाई? काय झालं? पाणी देऊ का?"

बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली होती. ही दोन वाक्यं त्यांनी स्वतः लिहिली होती, बारा वर्षांपूर्वी. नवरा अंथरुणाला खिळलेला, चारची गोळी घ्यायला विसरायचा. कामाच्या नादात आपणही विसरू म्हणून मशीनलाच सांगून ठेवलं होतं. रोज चारला त्या उठून बाहेरच्या व्हरांड्यात जात आणि फोन करत. म्हणूनच दुसऱ्या कुणाच्या पडद्यावर चारला काय उमटतं, ते त्यांना कधी दिसलंच नाही.

नवरा जाऊन सात वर्षं झाली होती. तो गेला त्या आठवड्यात त्यांनी आपल्या मशीनवरून हा निरोप काढून टाकला होता. आपल्या मशीनवरून काढला म्हणजे जगातूनच काढला, अशी त्यांची समजूत.

कालचा कागद त्यांच्या पर्समध्ये होता. ताई. हजेरीराव. दोन्ही वेळा कचेरीत असलेलं तिसरं नाव लिहायचं राहून गेलं होतं.

६

"नवं खातं उघडतोस म्हणजे नक्की काय करतोस?" त्यांनी वायरबुवाला विचारलं. साहेब, ताई, हजेरीराव, नवी, सगळे भोवती उभे होते.

"काही नाही हो. एक नमुना खातं ठेवलेलं असतं, सुरुवातीला एकदाच नक्कल करून बाजूला ठेवलेलं. नवा माणूस आला की मशीन त्याची हुबेहूब नक्कल काढतं आणि वर नव्या माणसाचं नाव लावतं. माउस, अक्षरं, निरोप, सगळ्या सेटिंग आयत्या. त्याला डिफॉल्ट म्हणतात."

"आणि तो नमुना कुणी ठरवला?"

"माझ्या आधीच्यांची वही आहे." त्यानं खणातून एक कडा कुरतडलेली वही काढली. खात्यांची यादी होती, तारखांसकट. पहिल्या पानावर जुनी माणसं: मोठ्या बाई, ताई आणि तेव्हाचे साहेब, ज्यांचं खातं आताचे साहेब वापरत होते. समोर शेरा: 'हाताने तयार केले.' त्याखाली पेन्सिल. मग हजेरीराव. मग नवी. तिघांच्या समोर एकच शेरा.

वायरबुवानं बोट ठेवून वाचलं. "'नमुना: मोठ्या बाईंचे खाते.'"

बाईंना तो दिवस लख्ख आठवला. त्यांचं मशीन आधीच लावून झालं होतं, बाकीची खोक्यांतून निघत होती, जमिनीवर थर्माकोलचे पांढरे मणी लोळत होते. यंत्र बसवणाऱ्यानं विचारलं, नव्या लोकांसाठी कुणाचं खातं नमुना धरू? तेव्हाचे साहेब हसून म्हणाले, "बाईंचं धरा. त्यांच्याइतकं नीटनेटकं कोण आहे? येईल तो बाईंसारखा होऊ दे." सगळे हसले. बाईंनी मान खाली घातली होती, पण आतून किती सुखावल्या होत्या!

"माझ्या खात्यात आणखी एक गोष्ट होती," त्या म्हणाल्या. "कागदांच्या काळात मी एक शिस्त घातली होती. दहा दिवसांवर रजा झाली की टेबल रिकामं झालं पाहिजे. टेबलावर उरेल ती रद्दी. मशीन आलं तेव्हा मी त्या माणसाला सांगितलं, इथेही तसंच कर. दहा दिवस खातं उघडलं नाही, तर अकराव्या दिवशी डेस्कटॉप साफ. मला ठाऊक होतं, म्हणून मी जाताना सगळं कपाटात टाकून जायची. नंतर मी स्वतःच विसरले."

"आणि हे नक्कल होऊन..." ताई पुटपुटल्या.

"ज्यांची खाती हातानं झाली, त्यांना काही झालं नाही. म्हणून तुझे दोन महिने सुखरूप. हजेरीराव रजाच घेत नाहीत, म्हणून ते वाचले. उरले दोघं. एकाचे वडील गेले होते, एकीची आई पडली होती."

साहेबांनी घसा खाकरला. "बाई, अंदाज ठीक आहे, पण समितीला पुरावा लागतो."

"वायरबुवा, एक नवं खातं उघड. कुणाच्याही नावानं."

त्यानं उघडलं. अक्षरं मोठीच आली. माउस उलटाच चालला. त्यानं डेस्कटॉपवर एक फाईल ठेवली, आत लिहिलं 'मी इथे आहे', खातं बंद केलं आणि मशीनचं कॅलेंडर अकरा दिवस पुढे सरकवलं.

"उघड आता."

पडदा उजळला. कोरा करकरीत डेस्कटॉप, पुसून लख्ख केलेल्या टेबलासारखा.

"म्हणजे," साहेब हळूच म्हणाले, "चोर कुणीच नाही."

"आहे ना," बाई म्हणाल्या. "वहीत नाव लिहिलंय."

नवी हुंदका देऊन रडायला लागली. ताईंनी तिला कुशीत घेतलं आणि म्हणाल्या, "रडू नकोस ग. माझ्या खुर्चीचा अर्जसुद्धा अजून मंजूर व्हायचाय, मी रडते का?" आणि त्यांचेच डोळे भरून आले.

साहेब चांगला माणूस होता. त्यांनी खणातून नवीची ती न वाचलेली अकरा पानं काढली आणि टेबलावर समोर ठेवली. "सोमवारी त्या आजींचा फोन येईल," ते म्हणाले. "या वेळी तू घे."

जाताना वायरबुवा बाईंच्या मागोमाग जिन्यापर्यंत आला. "मावशी, नमुना दुरुस्त करतो. माउस सरळ, अक्षरं बेताची, ती पुसापुशी बंद. तो चारचा निरोपही काढू ना?"

बाई खचलेल्या पायरीवर थांबल्या. "उद्या सांगते," म्हणाल्या.

७

शनिवारी त्यांनी समितीला पत्र दिलं. साहेबांनी मागितलं होतं त्याच्या नेमकं उलट. तिथून त्या पेन्सिलच्या आईकडे गेल्या.

तिसऱ्या मजल्यावरची एक खोली. आई शिंप्याकडची काजं-बटणं करायची. मांडीवर पांढरा सदरा, सुईत दोरा, खिडकीच्या उजेडाला पाठ. बाईंनी नाव सांगितलं. आई उठल्या नाहीत, बसाही म्हणाल्या नाहीत. बाई आपणच स्टुलावर बसल्या.

त्यांनी सगळं सांगितलं, काही न लपवता. सांगायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

आईंनी काज पुरं केलं, दोरा दातानं तोडला. मग म्हणाल्या, "तो मला म्हणायचा, आई, मी केलं होतं ग. मी म्हणायचे, केलं असशील रे. केलं असशील. पण केलंसच, असं मी कधी म्हटलं नाही. कागदावर तुमची सही होती. एवढी शिकलेली बाई खोटं कशाला लिहील?"

बाईंनी पायाशी घरंगळलेलं एक बटण उचलून त्यांच्यापुढे ठेवलं.

"मग तो छापखान्यात लागला. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायचं काम. दोन वर्षांनी तापानं गेला. तापात बडबडायचा, नऊ पानं होती, नऊ पानं होती." आईंनी सदरा घडी करून बाजूला ठेवला. "तुमच्या कचेरीत होता तेव्हा रोज चारला फोन करायचा. दुकानातून बोलावणं यायचं, मी सुई तशीच खोचून पळायचे. म्हणायचे, रोज काय रे असतं सांगायला? तर हसायचा. म्हणायचा, काय करू आई, मशीनच म्हणतं, फोन कर. मला वाटायचं, काहीतरी थट्टा करतोय."

"थट्टा नव्हती," बाई म्हणाल्या. आणि तो निरोप कुणाचा, कुणासाठी होता, तेही सांगितलं.

आईंनी हातातली सुई दोऱ्याच्या रिळात खोचली. "म्हणजे तेही तुमच्याकडूनच आलं," त्या म्हणाल्या.

"हो. दोन्ही."

बाईंनी पर्समधून समितीचं नवं पत्र काढलं. कर्मचारी निर्दोष होता, कचेरी दिलगीर आहे, असं बरंच काही त्यात होतं. आईंनी ते हातात घेतलं नाही. त्या उठल्या, पत्र्याच्या पेटीतून एक घडी घातलेला कागद आणला. घड्यांवर फाटत आलेला. बाईंचा तो आठ वर्षांपूर्वीचा कागद, त्यानं घरी आणलेली प्रत.

"नवा नको. त्यानं तो पाहिला नाही. त्यानं पाहिला तो हा. याच्यावर खोडा आणि खरं काय ते लिहा. तुमच्याच हातानं."

बाईंनी पेन काढलं. 'काम न करता केल्याचे सांगतो' यावर त्यांनी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'काम केले होते. नऊ पाने होती.' खाली सही केली, तारीख घातली. आईंनी कागद उजेडाला धरून एकेक अक्षर वाचलं, शाई वाळेपर्यंत तसाच धरून ठेवला.

बाई उठल्या. दाराशी गेल्यावर म्हणाल्या, "मी पुन्हा आले तर चालेल?"

"नको," आई म्हणाल्या. "तुम्हाला बघितलं की मला तो कागद दिसतो."

बाईंनी मान हलवली आणि चपला पायात सरकवल्या. मागून आईंचा आवाज आला. त्या पुन्हा बसल्या होत्या, सुईत दोरा ओवत होत्या, वर बघत नव्हत्या.

"आता घरात फोन आहे. त्यानंच घेऊन दिला होता. चारला मी घरीच असते."

संध्याकाळी बाईंनी वायरबुवाला कळवलं, बाकी सगळं काढ, तो निरोप राहू दे.